पुणे ते जळगाव: विमानाने नेमका किती वेळ?

घर पिंप्राळ्यात, नोकरी पुण्यात, म्हणून हा हिशोब माझा नेहमीचाच. रस्त्याने साधारण 400 किलोमीटर, सरळ हवाई रेषेत 320. एटीआर-72 विमान ताशी 500च्या आसपास उडतं, म्हणजे गणिताने 40 मिनिटंसुद्धा लागू नयेत. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं धरून तिकिटावर तासभर दिसतो. त्यात लोहगावला पोचायला तास, तिथे दीड तास आधी हजर, मग कुसुंब्याहून रिक्षा. झाले ना भो चार तास! तरी ट्रॅव्हल्सपेक्षा निम्मेच.

फक्त विमान त्या दिवशी असायला हवं. मागे आईला संध्याकाळी ॲडमिट केलं, तेव्हा पुढचं विमान परवाचं होतं. रात्री अकराची ट्रॅव्हल्स पकडली, सकाळी आठला आकाशवाणी चौकात उतरलो.