तळघरातली २०१५

वयानं बिअर सुधारते, हे सरसकट खरं नाही. नेहमीची हलकी, सोनेरी बिअर वर्ष-दोन वर्षं पडून राहिली की तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतो. ती सिंकमध्ये ओतून मोकळं व्हावं. मुरायचं तर अंगात तसा ऐवज लागतो. अल्कोहोल भरपूर हवं, माल्ट गडद हवं आणि बाटलीत थोडं जिवंत यीस्ट असेल तर उत्तमच.

मी ब्रसेल्सला राहते. इथल्या जुन्या घरांना तळघरं असतात. आमच्या घरमालकांनी त्यांच्या तळघरात फळ्या ठोकून बाटल्या उभ्या केल्यात, बहुतेक सगळ्या ‘शिमे ब्लू’च्या. आडव्या ठेवल्या की त्यांना राग येतो. उभ्या बाटलीत यीस्टचा गाळ तळाशी नीट बसतो, म्हणून. ही ९ टक्के अल्कोहोलची काळपट तपकिरी बिअर फ्रान्सच्या सीमेजवळ, स्कूरमाँच्या ट्रॅपिस्ट मठात बनते. मठ १८५० चा, तिथली ब्रुअरी १८६२ ची. आधी ही बिअर फक्त नाताळापुरती करत, मग ती वर्षभर होऊ लागली. बाटलीवर साल छापलेलं असतं, त्यामुळे साठवणाऱ्यांचं फावतं.

परवा त्यांनी २०१५ ची बाटली काढली. मी हट्टानं शेजारी एक ताजी ठेवायला लावली, नाहीतर काय बदललं ते कळणार कसं? फ्रिजचा प्रश्नच नव्हता. तळघरातल्या बारा-तेरा अंशांवरच दोन्ही ओतल्या, पसरट पेल्यांत, हळूहळू, आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवून.

ताजीवर फेस घट्ट आणि टिकाऊ. वासाला लवंग, मिरी, थोडं पिकलेलं केळं, आणि शेवटी जिभेवर स्वच्छ कडवटपणा. २०१५ चा फेस बघता बघता बसला. पेला उजेडात धरला तर कडेला तांबूस झाक. नाक जवळ नेताच काळे मनुके, खजूर, सुकं अंजीर, आणि त्यामागे पोर्ट वाइनची आठवण. कडू जवळपास गायब. मग अशी गोड कशी लागते? साखर वाढलेली नसते. कडू सरल्यानं आधीचीच गोडी उघडी पडते.

या सगळ्यामागे रसायनशास्त्र आहे. भरताना बाटलीत राहिलेला आणि बुचातून किंचित शिरणारा ऑक्सिजन वर्षानुवर्षं काम करत राहतो. हॉप्समधली कडवट द्रव्यं तुटतात. केळ्याचा वास देणारं एस्टर विरतं आणि सुक्या मेव्याचे वास पुढे येतात. म्हणजे प्रक्रिया बिघडण्याचीच, फक्त या बिअरला ते बिघडणं शोभतं. पण त्यालाही हद्द असते. मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटल्या की सोया सॉसची खारट छटा येते. २०१५ च्या शेवटच्या घोटात ती मला लागली. घरमालक म्हणाले, “तुला भास होतोय.” मला तसं वाटत नाही.

सांगलीला असलेल्या भावानं हे ऐकून लगेच फर्माईश केली, “ताई, एक आण, मी कपाटात ठेवतो.” त्याला सरळ नाही म्हटलं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बहुतेक क्रिया ढोबळमानानं दोन ते तीन पट वेगानं होतात. बरं, सगळ्या सारख्या वेगानं वाढत्या तरी चाललं असतं. तसं होत नाही. त्यामुळे मे महिन्यातल्या कपाटात दहा वर्षांची चव दोन वर्षांत येत नाही, येते ती शिळेपणाची. उजेडही टाळावा लागतो. तपकिरी काच बराचसा अडवते, सगळा नाही.

माझ्या मते तीन ते पाच वर्षं पुरेत. तेव्हा मनुकेही आलेले असतात आणि थोडं कडूही शिल्लक असतं. त्यापुढे चव कमी आणि मिरवणं जास्त. घरमालकांना हे पटत नाही. “तुम्हा तरुणांना धीर नाही,” म्हणतात, मी पन्नाशीची असले तरी. पण त्यांची २००३ ची बाटली उघडली तेव्हा ती पार निवळलेली निघाली, सोया सॉसनं भरलेली. एक घोट घेऊन ते गप्प उठले आणि उरलेली सगळी गॅसवर शिजणाऱ्या कार्बोनाडमध्ये, म्हणजे बिअरमधल्या बीफच्या रश्श्यात, ओतली. रस्सा झकास झाला होता.