हाक मारायची ती कोणत्या नावानं?

भंडाऱ्याकडच्या खेड्यांत, दिघोरी असो की लाखांदूर, पत्ता सांगायची एक जुनी रीत आहे: अमक्या टोलीत, तमक्या पुऱ्यात. टोलीच्या आधी बहुतेकदा जात लागते. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण ज्याचं घर त्या टोलीत आहे, त्याच्या कानाला ते कसं लागतं?

एका शब्दासाठी आमदारांनी सभात्याग केला होता, हे कितीजणांना माहीत आहे? जानेवारी 1938. मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातली दुरुस्ती आली आणि तिच्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द होता. गांधीजींनी तो जिव्हाळ्यानं रूढ केला होता. 1933 साली पुण्यातून त्या नावाचं साप्ताहिकही सुरू झालं होतं. म्हणजे शिवी नव्हे, थेट देवाशी नातं जोडणारा शब्द! तरी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड विरोधात उभे राहिले. ज्यांना हे नाव चिकटणार, त्यांनाच ते नको होतं. बहुमतानं त्यांचं म्हणणं फेटाळलं, तेव्हा आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले. मला यातली गंमत अशी वाटते, की गोड शब्दही वरून लादला की बोचतो, आणि ‘दलित’सारखा कडू शब्द 1972 मध्ये दलित पँथरच्या पोरांनी छाती काढून मिरवला.

याच भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी 1954 ची लोकसभा पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. दोन वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि गावोगावची माणसं स्वतःला ‘बौद्ध’ म्हणू लागली. सरकारी कागद मात्र आजही ‘नवबौद्ध’ म्हणतो. दीक्षा घेतलेल्या आजोबांचा नातू आता स्वतः बाप झाला, तरी तो ‘नव’च! दाखल्यावर अनुसूचित जाती, योजनेच्या अर्जात नवबौद्ध, घरात बौद्ध, मोर्चात दलित. माणूस एकच, आणि यातलं कोणतं नाव कुठे चालतं हे त्याला नेमकं ठाऊक असतं. चुकतो तो समोरचा.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. पाटी बदलायला शासन निर्णय पुरतो, तोंडातला पत्ता मात्र आपल्यालाच बदलावा लागतो.

तेव्हा कुणी वाट विचारली तर शाळा सांगा, पाण्याची टाकी सांगा. जात कुणी विचारलेली नसते. आणि समाजाचं नाव घ्यायची वेळ आलीच, तर त्या माणसालाच विचारा, तुम्ही स्वतःला काय म्हणता?