कितव्यांदा सांगायचं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगणं सोपं. गल्ल्यांना आकडे आहेत. तिसरी, नववी, बारावी म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. पण इथल्याच पोलीस ठाण्याची पायरी एखादी मुलगी लैंगिक अत्याचाराची फिर्याद घेऊन चढली, तर पुढचा रस्ता तिला कोणी समजावून देईलच असं नाही. ठाण्यातून सीपीआर या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, मग दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब, वय अठराच्या आत असेल तर बालकल्याण समिती, आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात साक्ष. दरवेळी समोर नवा चेहरा, आणि प्रश्न तोच: काय झालं, पहिल्यापासून सांग.

हे सांगणं कमी करायचं आणि जे टळणार नाही त्याला सामोरं जायला तिला बळ द्यायचं, ही एक निराळी वकिली आहे. मराठीत तिला अजून रुळलेलं नाव नाही. मी तिला सोबतीची वकिली म्हणते.

महाराष्ट्रात ती नेटानं करणाऱ्यांत मुंबईची ‘मजलिस’ आहे. संस्थेमागचं नाव फ्लेविया अ‍ॅग्नेस यांचं. लग्नातली मारहाण त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं सोसली, त्यातून बाहेर पडून कायदा शिकल्या आणि बायकांचे खटले लढवू लागल्या. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुली-बायकांसाठी मजलिसनं पुढे ‘राहत’ हा उपक्रम उभा केला. खटल्याच्या निकालाइतकंच निकालापर्यंतच्या दिवसांना महत्त्व द्यायचं, हा या कामाचा गाभा.

ते का लागतं, हे कोर्टाची रचना पाहिली की कळतं. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. सरकारी वकील सरकारचा. अत्याचार सोसलेली मुलगी फक्त साक्षीदार. तिनं स्वतःचा वकील दिला तर तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो, खटला चालवू शकत नाही. ज्या प्रसंगाभोवती सगळं फिरतं तो जिच्यावर गुदरला, तिला पुढची तारीख का पडली हेसुद्धा कोणी सांगत नाही.

सोबतीचं काम इथून सुरू होतं आणि ते फार बारीक असतं. साक्षीच्या आधी तिला रिकामं कोर्ट दाखवायचं: न्यायाधीश इथे बसतात, टाइप करणारे इथे, आरोपीला तिथे बसवतील, पडदा मागता येतो. सरतपास म्हणजे काय, उलटतपास म्हणजे काय. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा म्हणायचं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेही उत्तर आहे. पाणी मागता येतं, थांबता येतं. स्वच्छतागृह कुठे, डबा कुठे खायचा, आई बाहेर कोणाजवळ बसेल. मात्र साक्ष पढवायची नाही. ही रेघ ओलांडली की खटलाही जातो आणि तिचा स्वतःच्या शब्दांवरचा विश्वासही.

आठवणीचा प्रश्न सगळ्यांत अवघड. जबर धक्क्यातल्या आठवणी बऱ्याचदा तुकड्यांनी राहतात. एखादा वास, पंख्याचा आवाज, शर्टाचा रंग लख्ख आठवतो. आधी काय आणि नंतर काय हा क्रम विस्कटतो. कित्येकींचं शरीर त्या क्षणी थिजतं, ओरडता येत नाही. उलटतपासात नेमकं यावरच बोट ठेवलं जातं: जबाबात हे नव्हतं, मग आज कुठून आलं? सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये गुरमितसिंग खटल्यात बजावलं की किरकोळ विसंगतींसाठी एरवी विश्वासार्ह साक्ष फेकून द्यायची नाही, आणि उलटतपासात तिचा छळ होत असताना न्यायाधीशांनी नुसतं बघत बसायचं नाही.

हे शहाणपण फार महाग पडलं, आणि त्याची किंमत महाराष्ट्रातल्याच एका मुलीनं मोजली. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिचं नाव पुढे त्या प्रकरणालाच चिकटलं. मी ते इथे लिहीत नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, हे तिच्या विरोधात गेलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. सुनावणी बंद दाराआड आली, नाव छापणं गुन्हा ठरलं. ती मात्र या सगळ्यातून गेली तेव्हा तिच्या बाजूला कोण बसलं होतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

आता साक्षीची खोलीही बदलते आहे. ११ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र केंद्र उभारायला सांगितलं, आणि त्यात मुलांबरोबर लैंगिक अत्याचार सोसलेल्या सज्ञान व्यक्तींनाही घेतलं. अशा केंद्रात येण्याची वाट वेगळी आणि आरोपीची नजर पडत नाही. पण खोली असून भागत नाही. ती मागून घेता येते हे तिला कोणीतरी सांगावं लागतं.

मानवी तस्करीत ही सोबत आणखी गुंतागुंतीची होते. कोल्हापूरला हा विषय परका नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्ध आणि १९२० मध्ये मुली देवाला सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदे केले. तरी कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात यल्लम्मा देवीला सोडलेल्या कित्येक मुली पुढे मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या वेश्यावस्तीपर्यंत पोचल्या. छापा पडला की बाईची ‘सुटका’ होते, आणि १९८६ च्या सुधारणेनंतरच्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली दंडाधिकारी तिला सुधारगृहात ठेवू शकतात. सुटका झालेली बाई कुलपाआड. सांगलीत मीना शेषू यांनी उभी केलेली ‘संग्राम’ १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते आणि आग्रहानं सांगते की फसवून आणलेली मुलगी आणि स्वतःच्या मर्जीनं हा व्यवसाय करणारी सज्ञान बाई यांना एका तराजूत तोलू नका. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच तीन सज्ञान स्त्रियांना सुधारगृहातून सोडलं. मला यातलं सार साधं वाटतं: जिच्यासाठी हे सगळं चाललंय, तिला आधी विचारा.

पैशाची अडचण कायद्यानं बरीचशी दूर केली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया, मुलं आणि तस्करीचे बळी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील आहे. २०१३ पासून मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही मिळतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. आरोपीनं उच्च न्यायालयात जामीन मागितला तर तिलाही म्हणणं मांडता येतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, एका दिवसाची मजुरी बुडवून आणि रात्रभर एसटीत बसून. आता राजारामपुरीतून रिक्षानं जाता येतं. फक्त ज्या दवाखान्यात तिची तपासणी झाली, त्याच्या समोरच उतरावं लागतं. त्या दिवशी रिक्षात तिच्या शेजारी कोणीतरी बसलेलं हवं.