एकशे एक मण्यांची माळ

‘ॲसिडिटी झालीय’ हे आपल्याकडे सर्दी झाल्याइतक्या सहज सांगितलं जातं. दोष जातो मिसळीला, जागरणाला, नाहीतर चहाला. पण आम्ल सोडण्याचा हुकूम जठराला देतं कोण? गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक. ते जठरच तयार करतं, आणि ते घडवण्याची रीत मोठी पाहण्यासारखी आहे.

१९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्यातलं सिक्रेटिन हे संप्रेरक शोधलं. तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, त्याच शहरात जॉन एडकिन्स यांनी जठराच्या खालच्या, आतड्याकडे जाणाऱ्या भागाच्या अस्तराचा अर्क काढला आणि भूल दिलेल्या मांजराच्या शिरेत टोचला. जठरात आम्ल पाझरू लागलं. वरच्या भागातल्या अस्तराचा अर्क टोचला, तेव्हा तसं झालं नाही. खालच्या भागातल्या त्या अज्ञात द्रव्याला एडकिन्सनी गॅस्ट्रिन म्हटलं.

पुढे हिस्टामिनमुळेही आम्ल सुटतं हे कळलं, आणि हिस्टामिन तर शरीरात जागोजागी सापडतं. मग एडकिन्सच्या अर्कात तेच असणार, असं म्हणून गॅस्ट्रिन जवळजवळ निकालात निघालं. १९३८ मध्ये मॉन्ट्रियलच्या सायमन कोमारोव्ह यांनी हिस्टामिन काढून टाकलेल्या अर्कानेही आम्ल सुटतं, हे दाखवलं. शुद्ध रेणू हाती यायला मात्र १९६४ उजाडलं. लिव्हरपूलमध्ये रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकरांच्या जठराच्या अस्तरातून तो वेगळा केला. निघाली १७ अमिनो आम्लांची इवलीशी साखळी.

ती बनते जी-पेशींमध्ये. जठराच्या खालच्या भागातल्या ग्रंथींत त्या विखुरलेल्या असतात, आकार चंबूसारखा. निमुळतं तोंड जठराच्या पोकळीकडे, त्यावर बारीक लव. रुंद बूड रक्तवाहिन्यांकडे, आणि त्यात गॅस्ट्रिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या. वर चव घ्यायची आणि खालून माल सोडायचा, अशी मांडणी.

१७ व्या गुणसूत्रावरच्या जनुकाबरहुकूम पेशी आधी १०१ मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ ओवते. पहिले २१ मणी म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. माळ पेशीतल्या योग्य दालनात शिरली की ते छाटले जातात. उरतात ८०. पुढच्या वाटेवर काही माळांच्या एका टायरोसिनवर गंधकयुक्त गट चढतो. मग माळ पिशवीत बंद होते आणि एन्झाइमची कात्री चालते. कुठे कापायचं तेही माळेतच लिहिलेलं: दोन आर्जिनिन किंवा दोन लायसिन शेजारी आले, की तिथे काप. टोकाला लोंबणारे आर्जिनिन दुसरं एन्झाइम टिपून घेतं. शेवटी राहतं ग्लायसिन. तिसरं एन्झाइम तांबं आणि क जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याचा नायट्रोजन तेवढा ठेवतं आणि बाकीचं तोडून टाकतं. आधीच्या फेनिलॲलॅनिनवर अशा रीतीने अमाइडचं टोपण बसतं. टोपण नसेल, तर आम्ल सोडवण्याची ताकद नसल्यात जमा. टोपण असेल, तर शेवटचे चार मणीसुद्धा ते काम करतात!

१९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांना रक्तात ३४ मण्यांचं थोरलं गॅस्ट्रिनही सापडलं. मधल्या लायसिनच्या जोडीवर त्याचा काप झाला, की १७ चं धाकटं मिळतं. जठरात हा काप बहुतांशी पार पडतो. लहान आतड्याच्या सुरुवातीला थोरल्याचं प्रमाण जास्त. धाकटं रक्तात काही मिनिटांतच ओसरतं, थोरलं बराच वेळ रेंगाळतं.

डाळ, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांचे तुकडे जी-पेशीच्या तोंडाला लागले, जठर ताणलं गेलं किंवा मेंदूकडून व्हेगस नसेचा निरोप आला, की पिशव्या रिकाम्या होतात. गॅस्ट्रिन रक्तातून शरीराला वळसा घालून त्याच जठराच्या वरच्या भागात पोचतं आणि तिथल्या पेशींना हिस्टामिन सोडायला लावतं. हिस्टामिन आम्ल बनवणाऱ्या पेशींना जागं करतं. ज्याच्यामुळे गॅस्ट्रिनवर संशय आला, तेच त्याचा हरकाम्या निघालं. आम्ल पुरेसं झालं, की शेजारच्या डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक सोडून जी-पेशींना लगाम घालतात.

लगाम सुटला की काय होतं, ते अल्सरच्या रुग्णांत दिसतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तो ढिला करतो. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत झोलिंजर आणि एलिसन यांनी स्वादुपिंडात गाठ आणि हटवादी अल्सर असलेले रुग्ण नोंदवले. अशा गाठी लगाम न जुमानता गॅस्ट्रिन ओततात, हे नंतर उमगलं.

आपल्या घरात हा लगाम ढिला करते ती आम्ल थोपवणारी रोजची गोळी. आम्ल कमी, म्हणून लगाम सैल, म्हणून रक्तात गॅस्ट्रिन जास्त. गोळी एकदम थांबवली, की काही काळ आम्ल उसळू शकतं आणि गोळीवाचून आपलं चालतच नाही, असं वाटू लागतं. तेव्हा महिनोन्महिने चाललेली गोळी आपल्या मनाने चालूही ठेवू नका आणि तडकाफडकी बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. गॅस्ट्रिनची तपासणी सांगितली असेल, तर ही गोळी घेत असल्याचं आधी सांगा.