नागपूजेकडून सर्पविद्येकडे

श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली की इतवारीच्या बाजारात लाह्या आणि नागाची चित्रे दिसू लागतात. ज्या नगराचे नाव नाग नदीवरून पडले असे मानतात, तेथे नागाची पूजा व्हावी यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. पंचमीला ज्याला हात जोडायचे, तोच षष्ठीला गोदामात दिसला तर काठी उचलली जाते. आणि पुष्कळदा त्या काठीखाली मरते ती धामण, जिच्यापासून माणसाला विषबाधा होत नाही.

इतवारी ही धान्य-किराण्याची जुनी पेठ. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे धामण, हा निसर्गाचा सरळ हिशेब आहे. धामणीला मारणारा व्यापारी आपलीच पोती कुरतडणाऱ्यांना अभय देत असतो.

शेतात हीच राखण बेडूक करतो. त्याचे पाय परदेशी पाठवून परकीय चलन मिळविण्याचा व्यवसाय देशात अनेक वर्षे तेजीत होता. पिकांवरील कीड खाणाऱ्या या प्राण्याचा ऱ्हास होऊ लागला, तेव्हा १९८७ साली ती निर्यात बंद करण्यात आली. परंतु बेडकाचे संकट टळलेले नाही. तो त्वचेवाटेही श्वास घेत असल्याने पाण्यातील विष त्याला आधी बाधते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत.

अशा वेळी आपले शिक्षण काय करते? नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी बेडूक पाहिला तो मेणाच्या तबकात टाचण्यांनी खिळलेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली विच्छेदनाची ही प्रथा बंद केली, हे योग्यच झाले. पण तबक गेले आणि त्याच्या जागी पडद्यावरचे चित्र आले, एवढ्याने बेडकाचे जीवन कळत नाही. पहिल्या पावसानंतर डबक्याकाठी उभे राहून आवाजावरून जाती ओळखणे, अंडी कोठे घातली, पाणी किती दिवस टिकले, किती पिल्ले जगली याची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे, हे खरे शिक्षण होय. त्याला वही, विजेरी आणि जाणता शिक्षक पुरेसा आहे.

सापांच्या बाबतीत तर हा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात असा अंदाज दिला. यातील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि बहुतेक खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे. तरी मांत्रिकाच्या दारी घालविलेला तास ती परत आणू शकत नाही. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र सरकारने २०२४ साली सोडला. तो केवळ लसीच्या कुप्यांनी सिद्धीस जाणार नाही. साप ओळखणारा व रात्री विजेरीवाचून शेतात न जाणारा समाज त्यासाठी घडवावा लागेल.

पुण्यात कात्रज येथे १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले. नागपुरात तर राज्याच्या वनखात्याचे मुख्यालयच आहे. येथील महाविद्यालयांनी वनखात्याच्या साह्याने दर पावसाळ्यात असे अभ्यासवर्ग चालवावेत आणि त्यांत इतवारीतील हमाल, दुकानदार व शाळाशिक्षक यांनाही बोलवावे. फणा धरून छायाचित्र काढणे म्हणजे सर्पविद्या नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यालाही ते मान्य नाही. साप न पकडता त्याला ओळखणे आणि त्याच्या वाटेतून बाजूला होणे, एवढे जरी या वर्गांनी शिकविले तरी गोदामातील धामण आणि बांधावरचा शेतकरी, दोघांचेही प्राण वाचतील.