कुंडलिकेचं पाणी उतरलं तेव्हा

कोलाडची कुंडलिका घड्याळ पाहून वाहते म्हटलं तरी चालेल. रायगड जिल्ह्यातल्या या नदीला हिवाळ्यातही जोर असतो, पण ते पाणी पावसाचं नव्हे. घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथली जनित्रं फिरवतं आणि मग नदीत सोडलं जातं. म्हणून इथलं राफ्टिंग सकाळीच चालतं. पाणी सोडणं थांबलं की नदी उतरते आणि काठचे दगड उघडे पडतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही सतरा जण तिथे कयाकिंगला जमलो होतो. मूळचे सगळे जामसांवलीचे, पण आता कुणी सौंसरला, कुणी पांढुर्ण्याला, कुणी नागपूर-पुण्याला. आजी नागपूरला मुलाकडे राहायला गेल्यापासून गावच्या घराला कुलूप आहे. एकत्र यायचं तर कुठे, असा प्रश्न पडला आणि उत्तर कोलाड निघालं.

कयाक दोघांची. आत्याने पहिल्याच दिवशी नियम केला, सख्खी भावंडं एका कयाकमध्ये बसायची नाहीत. त्यामुळे पुण्याची बारावीतली मुलगी आणि सौंसरचा दहावीतला मुलगा एकत्र आले. पहिला तासभर त्यांची कयाक जागच्या जागी गोल फिरत होती, कारण दोघंही एकाच बाजूने पाणी मारत होते. तो म्हणे, ‘‘चप्पू इकडून मार,’’ ती म्हणे, ‘‘पॅडल तिकडून घे.’’ काठावर बसलेल्या आजीने शेवटी ओरडून सांगितलं, ‘‘अरे, वल्हं म्हणतेत त्याले!’’ तिसऱ्या दिवशी दोघं वल्हंच म्हणत होते आणि सरळ जात होते.

तीच शेवटची सकाळ. लाइफ जॅकेट काढायला कुणी तयार नव्हतं. ‘‘अजून एक फेरी’’ करत करत पाणी उतरलं, कयाकचा तळ दगडांना घासू लागला आणि मुलांनी त्या उचलून काठावर आणल्या. मोठा पुतण्या नोकरीसाठी जर्मनीला निघाला होता. पुढच्या वेळी तो नसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही.

जेवण यायला वेळ होता, म्हणून काकांनी या पाण्याचीच गोष्ट काढली. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळेचं पाणी खरं तर पूर्वेला जातं, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं. टाटा कंपनीने ते विजेसाठी पश्चिमेला वळवलं आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. या धरणात मावळातली गावं बुडणार होती, म्हणून शेतकऱ्यांनी 1921 ते 1924 सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात पुढे होते आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केलं. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली. तीन दिवस आपण ज्या पाण्यावर हसलो-खिदळलो, ते त्या गावांवरून आलेलं पाणी आहे, हे ऐकल्यावर मुलं गप्प झाली.

आजी मात्र बोलली. ‘‘त्याहिचं घर पाण्यात गेलं. आपलं त उभं हाये ना? मंग कुलूप कायले?’’

परतीच्या पिशव्या भरायच्या आत त्याच काठावर ठरलं. येत्या हनुमान जयंतीला सगळ्यांनी जामसांवलीत जमायचं. निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला हजारो माणसं बाहेरून येतात आणि आपणच तिथे जात नाही, हे आजीचं म्हणणं कुणालाही खोडता आलं नाही. जाम नदीत तेव्हा कयाक चालण्याइतकं पाणी नसेल. पाय बुडवण्याइतकं असलं तरी पुष्कळ.

यावेळी व्यवस्था मोठ्यांकडे नाही. घराची किल्ली सौंसरच्या मुलाकडे आहे, तो दर पंधरवड्याला जाऊन दारं-खिडक्या उघडून येतो. कवेलू किती फुटलेत, विजेचं बिल किती थकलंय, विहिरीवरची मोटर चालते का, याची यादी पुण्याची मुलगी ठेवते. जर्मनीच्या दादाने मोटरीचे पैसे आधीच पाठवले आहेत.