कादंबरीला जाब विचारणारी बुलढाण्याची लेक

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक लहानसे पुस्तक बाहेर पडले. नाव ‘स्त्री-पुरुष तुलना’, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. लेखिका होत्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. मराठीतल्या स्त्रीवादी लेखनाचा आरंभ म्हणून या पुस्तकाचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. पण त्याची आणखी एक ओळख आहे. हे एका सराईत वाचक बाईचे पुस्तक आहे. पुराणातल्या सावित्री-द्रौपदीपासून त्या काळी घरोघरी पोचलेल्या कादंबऱ्या-नाटकांतल्या नायिकांपर्यंत सगळ्या जणींना ताराबाई समोर उभ्या करतात आणि त्यांना घडवणाऱ्या पुरुषांना विचारतात, की बाबांनो, हे असे का लिहिलेत?

गोष्टींच्या पुस्तकात डोके खुपसून बसलेली मुलगी दिसली की आजही घरात कोणीतरी म्हणतेच, ‘अभ्यासाचं वाच काहीतरी.’ अशा वेळी बुलढाण्याच्या या वाचक बाईंची आठवण व्हायला हवी.

वऱ्हाडातले एक घर

ताराबाईंचा जन्म १८५० सालचा. तीन वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेतले, थंड हवेचे बुलढाणा जिल्ह्याचे ठाणे झाले. कचेऱ्या आल्या, कारकून आले आणि त्यांच्यामागे छापील कागदही आला. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता आणि त्यांनी स्वतःही पुस्तिका लिहून छापली होती. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. वऱ्हाडातल्या एका मराठा घरात, त्यानंतर काही वर्षांतच, बाप मुलीला तीन भाषा शिकवतो ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

लग्न मात्र रिवाजाप्रमाणे लहानपणीच झाले. नवरा घरजावई म्हणून राहिला, त्यामुळे ताराबाईंचे माहेर सुटले नाही आणि त्याबरोबर पुस्तकेही सुटली नाहीत. पुढे वैधव्य आले. मूलबाळ नव्हते. मराठा घरात कोंडून राहणारी बाई अशीच आपली ओळख ताराबाई ‘स्त्री-पुरुष तुलना’च्या प्रस्तावनेत करून देतात. पायांना उंबऱ्याची मर्यादा होती, डोळ्यांना मात्र नव्हती.

अद्भुताचा बहर

ताराबाई वाढत होत्या त्याच वर्षांत मराठी कादंबरीही वाढत होती. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आले. त्यातली नायिका यमुना प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांचे हाल पाहते. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली तेव्हा ताराबाई अकरा वर्षांच्या होत्या. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला सुरुवात केली. हळब्यांची ‘रत्नप्रभा’ १८६६ ची आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. ‘मंजुघोषा’ निघाली तेव्हा ताराबाई अठरा वर्षांच्या होत्या.

या कादंबऱ्यांना समीक्षक ‘अद्भुतरम्य’ म्हणतात. राजपुत्र, सुंदर नायिका, कपटी कारभारी, ताटातूट, तुरुंग, वेषांतर, योगायोग आणि शेवटी मीलन, असा त्यांचा मसाला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात मराठी कादंबरीची परखड तपासणी केली. पण वाचकांनी या पुस्तकांवर जीव टाकला होता. आज मुले ज्याला साहसकथा, फॅन्टसी म्हणतात, त्याची मराठीतली पणजी ती हीच.

पुस्तकांची नावे बघा : मुक्तामाला, रत्नप्रभा, मंजुघोषा. मुखपृष्ठावर नाव बाईचे. आत मात्र कोणीतरी तिला पळवतो, कोणीतरी सोडवतो, आणि ती वाट पाहते. पुस्तक तिच्या नावाचे आणि पराक्रम दुसऱ्याचा!

नायिकांची बाजू

‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिण्याचे निमित्त वेगळे होते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचे मूल मारल्याचा खटला चालला. आधी फाशीची शिक्षा झाली, मग अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. ‘पुणेवैभव’ या पत्राने त्या निमित्ताने सरसकट बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक केली. ताराबाई खवळल्या आणि लिहायला बसल्या.

खटल्याची चर्चा करताना त्या पुस्तकांकडे वळतात हे फार महत्त्वाचे आहे. बाईविषयी लोकांच्या मनात जे चित्र असते ते कुठून येते? ऐकलेल्या पुराणांतून आणि वाचलेल्या गोष्टींतून. म्हणून त्या ‘स्त्रीचरित्र’ या पुस्तकाचा समाचार घेतात, ‘मनोरमा’ नाटकाकडे वळतात, ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांची नावे घेतात. सावित्रीचे उदाहरण तर त्या पुरुषांवरच उलटवतात. नवऱ्याचे प्राण परत आणायला ती यमाच्या मागे गेली, पण बायकोसाठी यमाच्या दारी सोडा, त्या वाटेला तरी लागलेला नवरा कोणी ऐकला आहे का, असा त्यांचा रोख आहे. भाषा घरातली, माजघरातल्या बायका बोलतात तशी, अधूनमधून चांगलीच तिखट.

यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. ताराबाईंनी कथा-कादंबऱ्या वाईट म्हणून फेकून दिल्या नाहीत. त्या वाचल्या, लक्षात ठेवल्या आणि मग त्यांच्याशी भांडल्या. ज्या पुस्तकात आपण गुंतलेलो नसतो त्याच्याशी कोणी असे मनापासून भांडत नाही.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे काही प्रसिद्ध केले नाही. पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून वाचकांपुढे आणले आणि १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद निघाला. बुलढाण्यातल्या घरात लिहिलेले पुस्तक आज परदेशातल्या विद्यापीठांत अभ्यासले जाते.

वाट पाहणारी ते लिहिणारी

ताराबाईंच्या प्रश्नाला मराठी कादंबरीने सावकाश, पण उत्तर दिले. हरी नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. साहस म्हणावे असे तिच्या आयुष्यात काही घडत नाही, उलट सगळे सोसणेच आहे. पण ‘मी’ म्हणून बोलणारी मुलगी मराठी वाचकांनी कादंबरीत ऐकली.

याच हरिभाऊंच्या साहित्यिक वर्तुळातल्या काशीबाई कानिटकर. जन्म १८६१ चा, नवव्या वर्षी लग्न. लग्नानंतर त्या धडपडत वाचायला शिकल्या आणि पुढे ‘रंगराव’ ही कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहून गेल्या. त्यांच्या १९२८ च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये स्त्रियांच्या हाती कारभार आलेल्या संस्थानाची कल्पना आहे. वाचक मुलगी मोठी होऊन लेखिका झाली की नायिकेच्या हाती कारभार येतो तो असा.

साहसकथांचा मुख्य रस्ता मात्र पुरुषांचाच राहिला. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. तिने कित्येक पिढ्यांची झोप उडवली. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावे वाचनालयाच्या वर्गणीदारांना घरच्यासारखी झाली. मुलींनीही ही पुस्तके तितक्याच चवीने वाचली. फक्त झुंजार कोणी व्हायचे हे पुस्तकाने आधीच ठरवलेले होते.

ज्यो नावाची मैत्रीण

ही कोंडी बऱ्याच मराठी मुलींसाठी एका अनुवादाने फोडली. लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल वुमेन’चा पहिला भाग अमेरिकेत १८६८ मध्ये निघाला, म्हणजे ‘मंजुघोषा’च्याच साली. शांता शेळके यांनी ती ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणली. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी मराठी घरांत अशा रुळल्या की त्या परक्या आहेत हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

चौघींत मुलींची लाडकी बहुधा ज्योच. धसमुसळी, तापट, पुस्तकवेडी. ती माळ्यावर बसून लिहिते, वर्तमानपत्रांसाठी सनसनाटी कथा पाडते, पैसे मिळवून घरी देते. मग अशा कथा लिहिणे बरे नव्हे असे वाटून त्या जाळूनही टाकते. गंमत अशी की खुद्द अल्कॉटही ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने थरारकथा लिहीत असे. मुलींसाठी गोड गोष्टी लिहिणारी म्हणून जगाला माहीत असलेली बाई चोरून खून, कट आणि सूड लिहीत होती. साहसाची हौस आणि नायिकेची ओढ या दोन वेगळ्या आवडी नाहीत, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

लोणारच्या काठावर ज्यूल व्हर्न

मराठी मुलांना साहसाचे वेड खऱ्या अर्थाने लावले ते भा. रा. भागवतांनी. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढले. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्रसैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा खणखणीत नावांनी मराठीत आणल्या. आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, हा तर अस्सल त्यांचाच. फेणेच्या उद्योगांत सुभाष देसाईबरोबर मालीही असते. तेवढ्यावर खूश होऊन आपण फेणेच्या जागी स्वतःला कल्पायचे, हे त्या पिढीतल्या मुलींनी आपापलेच ठरवले होते.

व्हर्न वाचायला बुलढाण्याइतका योग्य जिल्हा महाराष्ट्रात दुसरा नसेल. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे, बेसॉल्ट खडकात उल्कापाताने पडलेले लोणारचे विवर इथलेच. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि २०२० मध्ये तिथल्या सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’मधली धूमकेतूवर स्वार झालेल्या माणसांची गोष्ट वाचून लोणारच्या कडेवर उभे राहिलेल्या मुलीला आकाशातून दगड खरोखर कुठे पडतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि खऱ्याखुऱ्या नायिकेची वानवाही या जिल्ह्यात नाही. जिजाऊंचा जन्म सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांच्या वाड्यातला. दरवर्षी १२ जानेवारीला तिथे माणसांचा पूर लोटतो. त्या गर्दीतल्या मुलींनी जिजाऊंना ‘शिवरायांची आई’ एवढ्यापुरते न ठेवता, पुण्याची विस्कटलेली जहागीर पुन्हा नांदती करणारी बाई म्हणूनही वाचावे. ताराबाईंनी सावित्रीला वाचले तसे.

आजच्या वाचक मुलीसाठी

आज पुस्तके भरपूर आहेत. बाळ ऊर्ध्वरेषे यांनी मराठीत आणलेल्या ‘हॅरी पॉटर’मधली हर्मायनी ग्रंथालयात बसून निम्मी संकटे सोडवते. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आला आहे. गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनचे ‘अरेबियन नाइट्स’ सोळा खंडांत मराठीत उतरवले, आणि तिथली शहरजाद रोज एक गोष्ट सांगून स्वतःचा जीव वाचवते. गोष्टीच्या जोरावर जिवंत राहणारी तिच्याइतकी साहसी नायिका दुसरी नाही. हे खंड किशोरवयीन मुलांनी नव्हे, मोठे झाल्यावर वाचायचे. लहानांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. बुलढाणा शहरात गर्दे वाचनालयासारखी जुनी संस्था आहे आणि तालुक्यांच्या गावीही वाचनालये आहेत. वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा फार नसते.

आई-बाबांना आणि शिक्षकांना सांगायचे ते एवढेच : मुलगी रहस्यकथा वाचते, जादूच्या शाळेतली गोष्ट वाचते, एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते, म्हणून तिला टोकू नका. ‘तात्पर्य काय?’ असेही विचारू नका. पुस्तक संपले की तिला एवढेच विचारा, की यातल्या मुलीने काय केले, आणि तू असतीस तर काय केले असतेस? या प्रश्नाचे उत्तर देता देता वाचकाचा विचार करणारा माणूस होतो. दीडशे वर्षांपूर्वी बुलढाण्यातल्या एका बाईने हा प्रश्न कोणी न विचारता स्वतःच विचारला आणि त्यातून मराठीतले एक मोठे पुस्तक जन्मले.

जिल्ह्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या कपाटात फास्टर फेणे आणि ‘चौघीजणी’ यांच्या शेजारी ‘स्त्री-पुरुष तुलना’ची एक प्रत असलीच पाहिजे. ताराबाई बुलढाण्याच्या होत्या हे बुलढाण्याच्या मुलींना पाठ्यपुस्तकाच्या आधी त्यांच्या वाचनालयाने सांगावे. या दिवाळीत फटाक्यांचे थोडे पैसे वाचवून ती प्रत आपल्या गावच्या शाळेला द्या.